दीर्घायुषी प्लग कसा निवडावा?

गेल्या जून महिन्यातील गोष्ट. आमच्या वर्गातील एका मित्राचे वडील जांबोटीच्या बाजूच्या एका खेड्यातून रोज पहाटे मोटारसायकलला दुधाचे दोन कॅन बांधून बेळगावात येतात आणि घरोघरी रतीब घालतात. त्या दिवशी पावसाची झड लागली होती. पिरनवाडीच्या अलीकडे गाडी दोनतीन वेळा अडखळली, तिने दोन फटके दिले आणि ती बंद पडली. किक मारमारून पाय दुखावला, तरी इंजिन जागे होईना. शेवटी दोन्ही कॅनांसह ती गाडी भर पावसात तीन किलोमीटर ढकलत आणावी लागली. दूध पोहोचले तेव्हा घराघरांतील चहा होऊन गेला होता. दोन बिऱ्हाडांनी दुसऱ्या दिवसापासून दुसरा गवळी धरला.

यात मनाला लागण्यासारखी बाब अशी, की आदल्याच आठवड्यात त्यांनी गाडीस नवा प्लग बसविला होता, आणि तोही साधा नव्हे. साध्या प्लगच्या कित्येक पट किंमत मोजून, ‘हा रेसच्या गाड्यांचा प्लग आहे, एकदा बसवा आणि वर्षानुवर्षे विसरून जा’ या दुकानदाराच्या शब्दावर विसंबून त्यांनी तो घेतला होता. मित्राने तो प्लग रुमालात बांधून शाळेत आणला. त्याचे टोक चुलीतील कोळशासारखे काळे झाले होते. आम्ही तो विज्ञानाच्या सरांस दाखविला. सरांनी आम्हांस ठिणगीचे शास्त्र समजावून दिले आणि पुढील चौकशीसाठी आपल्या ओळखीच्या एका वृद्ध मेस्त्रींकडे पाठविले. मेस्त्रींनी प्लग उजेडात धरला, त्यावरील आकडा वाचला आणि म्हणाले, “प्लग वाईट न्हवं बाळांनो. ह्या गाडीचा न्हवं तो.”

या एका वाक्याचा अर्थ नीट कळण्यास आम्हांस चार शनिवार लागले. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी मोटारसायकल आहे, आणि तिचा प्लग केव्हा ना केव्हा बदलावाच लागतो. म्हणून आम्हांस जे समजले ते येथे क्रमाने सांगत आहोत.

शास्त्रीय परिभाषेत या वस्तूस ‘ठिणगी-गुडदी’ असे भारदस्त नाव आहे. परंतु ते नाव घेऊन कोणी दुकानात गेल्यास त्यास रिकाम्या हाताने परतावे लागेल. म्हणून आम्हीही सर्वांच्या तोंडी असलेला ‘प्लग’ हाच शब्द वापरतो.

पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये ओढले जाते, दट्ट्या ते दाबतो, आणि नेमक्या क्षणी त्यात ठिणगी पडते. मिश्रण पेट घेते, तापलेले वायू प्रसरण पावतात आणि दट्ट्यास खाली ढकलतात. हाच जोर साखळीवाटे मागील चाकास मिळतो. मिश्रण ओढणे, दाबणे, पेटणे आणि धूर बाहेर टाकणे ही चार कामे चार धावांत उरकतात, म्हणून या इंजिनास चार धावांचे इंजिन म्हणतात. यांपैकी पेटविण्याचे काम प्लगचे. बॅटरीचा दाब केवळ १२ व्होल्ट असतो. इग्निशन कॉइल त्याचे रूपांतर दहा ते तीस हजार व्होल्टमध्ये करते, आणि तेवढ्या दाबाखाली वीज प्लगच्या दोन टोकांमधील फट उडी मारून ओलांडते. ती उडी म्हणजेच ठिणगी.

प्लगला किती काम पडते याचा हिशेब आम्ही फळ्यावर मांडून पाहिला. समजा, गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि इंजिन मिनिटास ४,००० फेरे घेत आहे. एक किलोमीटर जाण्यास ७२ सेकंद लागतात. तेवढ्यात इंजिनाचे ४,८०० फेरे होतात आणि सिलिंडरात २,४०० वेळा ज्वलन होते. म्हणजे १०,००० किलोमीटरांत २ कोटी ४० लक्ष वेळा! अनेक एकसिलिंडर गाड्यांत तर ठिणगी प्रत्येक फेऱ्याला पडते. धूर बाहेर जात असतानाची ठिणगी वाया जाते, पण ती पडतेच. तेव्हा हा आकडा दुप्पट धरावा. यावरून आणखी एक गोष्ट ध्यानी येते. चारचाकी मोटारीचे इंजिन त्याच वेगास पुष्कळ कमी फेरे घेते. त्यामुळे मोटारीत लाख किलोमीटर टिकणारा प्लग मोटारसायकलमध्येही तितकाच टिकेल, असे मानणे चुकीचे होय.

आता प्लगची रचना पाहू. मधोमध धातूचा एक दांडा असतो. त्याचे खालचे टोक म्हणजे मधला विद्युदग्र. दांड्याभोवती पांढऱ्या चिनी मातीसारखा दिसणारा विसंवाहक असतो. तो ॲल्युमिनियम ऑक्साइड या कठीण द्रव्याचा भाजून बनवितात. तो विजेस अडवितो आणि उष्णता सोसतो. त्याभोवती पोलादी कवच असून कवचावर आटे पाडलेले असतात, आणि कवचाच्या खालच्या कडेपासून वाकडी होऊन मधल्या टोकासमोर आलेली पट्टी म्हणजे बाजूचा विद्युदग्र. या दोघांमधील फट मोटारसायकलच्या प्लगमध्ये सामान्यतः ०.६ ते ०.९ मिलिमीटर असते. अलीकडील बहुतेक प्लगांच्या पोटात सुमारे ५,००० ओहमचा एक रोधही बसविलेला असतो. ठिणगीमुळे रेडिओत जी खरखर होते ती त्यामुळे कमी होते, आणि गाडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेसही त्रास पोहोचत नाही.

ही कल्पना जुनी आहे. १८६० साली एत्येन लनवार याने पॅरिस येथे जे वायूवर चालणारे इंजिन तयार केले, त्यात विजेच्या ठिणगीचाच उपयोग केला होता. तथापि वेगाने फिरणाऱ्या इंजिनास खात्रीची ठिणगी मिळू लागली ती १९०२ पासून. त्या वर्षी जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील अभियंता गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग सिद्ध केला. आपल्याकडे १९५१ साली बंगळूर येथे मोटार इंडस्ट्रीज कंपनी स्थापन झाली. तिच्या ‘मायको’ या नावाचे प्लग आमच्या आजोबांच्या पिढीस चांगले परिचित आहेत. पुढे २००८ मध्ये याच कंपनीचे नाव बॉश लिमिटेड असे झाले.

प्लग का झिजतो? प्रत्येक ठिणगी टोकाच्या धातूचा अतिसूक्ष्म कण उडवून नेते. शिवाय ज्वलनाच्या वेळची उष्णता आणि वायू त्या धातूस गंजवितात. वीज नेहमी तीक्ष्ण कडेवरून सहज उडी मारते. नव्या प्लगची कड तीक्ष्ण असते. ती हळूहळू बोथट होते आणि फट वाढत जाते. फट वाढली की ती ओलांडण्यास अधिक दाब लागतो, आणि कॉइलवर अधिक भार पडतो. अखेर एक दिवस असा उगवतो, की चढावर ॲक्सिलरेटर पिळताच, किंवा पावसाळी सकाळी गाडी सुरू करताना, ठिणगी पडतच नाही. दीर्घायुषी प्लग बनविण्याचा सारा प्रयत्न ही झीज मंद करण्यासाठी आहे.

त्यासाठी धातूंची निवड महत्त्वाची ठरते. साध्या प्लगच्या टोकास निकेलचा मिश्रधातू असतो. निकेल १,४५५ अंश सेल्सिअसला वितळते. प्लॅटिनमचा वितळबिंदू १,७६८ अंश आणि इरिडियमचा २,४४६ अंश आहे. इरिडियमचा शोध १८०३ मध्ये लंडन येथे स्मिथसन टेनंट याने लावला. प्लॅटिनमचे खनिज आम्लात विरघळविल्यावर जो काळा गाळ उरतो त्यात त्यास हा धातू सापडला. त्याचे क्षार नाना रंगांचे असल्यामुळे ग्रीक पुराणांतील इंद्रधनुष्याची देवता आयरिस हिच्यावरून त्याने हे नाव दिले. हा धातू अत्यंत जड, अत्यंत कठीण आणि तितकाच ठिसूळ आहे. दुर्मिळ असल्याने तो महागही आहे. म्हणून सर्व टोक इरिडियमचे न करता त्याचा केवळ एक बारीक कण डाखून बसवितात.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. कारण ग्राहकाची पहिली फसगत येथेच होते. कठीण धातूचे टोक बारीक करता येते. साध्या प्लगचे मधले टोक अडीच मिलिमीटरपर्यंत जाड असते, तर इरिडियमचे ०.६ आणि काही प्लगांत ०.४ मिलिमीटर इतके बारीक असते. बारीक टोकावरून वीज कमी दाबात उडी घेते. शिवाय नुकती पेटलेली इवलीशी ज्योत जाड धातूस टेकली, तर तिची उष्णता त्यात शोषली जाऊन ती दुबळी होते. बारीक टोकापाशी हा तोटा कमी. त्यामुळे थंडीत गाडी चटकन सुरू होते आणि मंद गतीतही इंजिन एकसारखे चालते. हा झाला कार्यक्षमतेचा गुण. आयुष्य ही निराळी गोष्ट आहे. ठिणगी दोन टोकांमध्ये पडते. मधले टोक इरिडियमचे आणि बाजूची पट्टी साध्या निकेलची असेल, तर मधले टोक टिकते, पण पट्टी झिजतच राहते आणि फट वाढतच जाते. असा प्लग साध्यापेक्षा अधिक टिकतो हे खरे. परंतु त्याच्या किमतीवरून आपण जितकी अपेक्षा करतो तितका टिकेलच असे नाही. ज्याच्या मधल्या टोकास इरिडियम किंवा प्लॅटिनम आहे आणि समोरच्या पट्टीवरही प्लॅटिनमचा ठिपका बसविलेला आहे, तोच खरा दीर्घायुषी प्लग. तेव्हा खोक्यावर ‘इरिडियम’ हा शब्द वाचून समाधान मानू नये. दोन्ही टोकांस मौल्यवान धातू आहे काय, हे विचारावे.

परंतु आमच्या मित्राच्या वडिलांचा प्लग झिजलेला नव्हता. तो आठच दिवसांचा होता. मग तो बंद का पडला? याचे उत्तर प्लगच्या उष्णतामानात आहे, आणि आमच्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होय.

चालत्या इंजिनात प्लगचे टोक सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सिअस या मर्यादेत तापलेले राहावे लागते. ४५० अंशांच्या खाली राहिल्यास त्यावर बसणारी काजळी जळून जात नाही. ती विसंवाहकावर साचते, आणि काजळी ही विजेची वाहक असल्यामुळे वीज फट ओलांडण्याऐवजी तिच्यावरूनच निसटून कवचात जाते. उलट टोक ८५० अंशांच्या फार वर गेले, तर ते निखाऱ्यासारखे लाल होऊन ठिणगीची वाट न पाहताच मिश्रण पेटविते. अशा अवेळी ज्वलनाने दट्ट्यास भोकही पडू शकते. विसंवाहकाचे खालचे नाक लांब ठेवले, तर उष्णता कवचापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो आणि टोक गरम राहते. त्यास ‘गरम’ प्लग म्हणतात. नाक आखूड असले, तर उष्णता लवकर निघून जाते. तो ‘थंड’ प्लग. शर्यतीचे इंजिन सतत पूर्ण जोराने चालत असल्याने अतिशय तापते, म्हणून त्यास थंड प्लग लागतो. गल्लोगल्ली थांबत, मंद गतीने जाणाऱ्या रतिबाच्या गाडीस तोच प्लग लावला, तर त्याचे टोक कधी पुरेसे तापतच नाही.

मित्राच्या घरी ट्रंकेच्या तळाशी गाडीची पुस्तिका सापडली. तीत प्लगचा उष्णताक्रमांक ७ सांगितला होता. दुकानदाराने दिलेला प्लग ९ क्रमांकाचा होता. मोठा आकडा म्हणजे मोठा गुण, असा दोघांचाही समज झाला असावा. त्या कंपनीच्या पद्धतीत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, आणि एका क्रमांकाच्या फरकाने टोकाचे तापमान सुमारे ७० ते १०० अंशांनी बदलते. म्हणजे दोन क्रमांकांनी दीडदोनशे अंशांची घट झाली! गाडी जुनी, कार्बुरेटरची. पहाटे चोक ओढून सुरू करावयाची. वाटेत चाळीस दारांशी थांबावयाचे. एका आठवड्यात काजळीने प्लग भरला, यात नवल ते काय?

या आकड्यांत आणखी एक मेख आहे. एनजीके आणि डेन्सो या जपानी कंपन्यांच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चॅम्पियन यांच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग गरम होतो. म्हणून एका कंपनीचा क्रमांक पाहून दुसऱ्या कंपनीचा तोच क्रमांक घेणे धोक्याचे असते. कंपनी बदलावयाचीच झाल्यास त्या कंपनीच्या तक्त्यात आपल्या गाडीचे नाव शोधावे आणि त्यासमोर दिलेला प्लग घ्यावा.

प्लगवरील अक्षरे वरवर पाहता गूढ वाटतात. पण एकदा उकल झाली की ती बोलू लागतात. उदाहरणादाखल एनजीकेचा ‘सीपीआर८ईए-९’ हा प्लग घेऊ. ‘सी’ म्हणजे आट्याचा व्यास १० मिलिमीटर. ‘पी’ म्हणजे विसंवाहकाचे नाक पुढे आलेले. ‘आर’ म्हणजे आत रोध आहे. ‘८’ हा उष्णताक्रमांक. ‘ई’ म्हणजे आट्याची लांबी १९ मिलिमीटर. ‘ए’ हे विशिष्ट घडणीचे चिन्ह. आणि शेवटचा ‘९’ म्हणजे फट ०.९ मिलिमीटर. जुन्या गाड्यांच्या ‘बी’ अक्षराच्या प्लगचा आटा १४ मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि ‘एच’ असल्यास लांबी १२.७ मिलिमीटर. यांपैकी व्यास चुकला तर प्लग बसतच नाही, म्हणून ती चूक निरुपद्रवी. लांबीची चूक मात्र घातक आहे. फार लांब प्लग आत डोकावून दट्ट्यावर किंवा झडपेवर आदळू शकतो. फार आखूड असल्यास ठिणगी भोकातच कोंडते आणि रिकाम्या आट्यांत काजळी भरते. नवा प्लग जुन्याशेजारी उभा करून दोघांची उंची मिळवून पाहण्यास अर्धा मिनिट पुरे.

‘असा प्लग लावला की गाडीची ताकद वाढते काय?’ हा प्रश्न आमच्यापैकी काहींनी मोठ्या उत्साहाने मेस्त्रींस विचारला. ते हसले. ताकद पेट्रोलात असते. प्लग फक्त काडी ओढतो. मिश्रण आधीच नीट पेटत असेल, तर भारी काडीने ते अधिक पेटत नाही. जुना प्लग झिजलेला असेल आणि काही ज्वलने चुकत असतील, तर नव्या प्लगने गाडी हलकी झाल्यासारखी वाटते आणि पेट्रोलही वाचते. पण तो गुण नवेपणाचा असतो. नवा साधा प्लगही तेच करून दाखवितो.

मग महाग प्लग घ्यावा कोणी? याचा निर्णय गणिताने करावा. साधा निकेलचा प्लग लहान मोटारसायकलीत साधारणतः आठ ते बारा हजार किलोमीटर चालतो. आमचे एक सर शाळेत येण्याजाण्यास रोज ८ किलोमीटर गाडी चालवितात. वर्षाचे ३,००० किलोमीटरही भरत नाहीत. त्यांस साधा प्लग तीन वर्षे पुरतो. त्यांनी भारी प्लग घेतल्यास तो संपण्यापूर्वी गाडीच विकली जाण्याचा संभव अधिक! मित्राच्या वडिलांची गाडी रोज ६० किलोमीटर म्हणजे वर्षास सुमारे २२,००० किलोमीटर धावते. त्यांस वर्षाला दोन साधे प्लग लागतात. दोन्ही टोकांस मौल्यवान धातू असलेला प्लग साध्याच्या चौपट टिकत असेल आणि किंमत चौपटीहून कमी असेल, तर तो त्यांस परवडतो. मात्र तो त्यांच्या गाडीच्या मापाचा आणि ७ याच उष्णताक्रमांकाचा मिळाला पाहिजे, आणि इंजिन निरोगी पाहिजे. ज्या इंजिनात रिंगा झिजून तेल वर चढते, तेथे इरिडियमचा प्लगही साध्याइतक्याच लवकर तेलकट होऊन बंद पडतो.

ज्यांच्या गाडीस प्लग काढणे कठीण आहे, त्यांसही दीर्घायुषी प्लग सोयीचा. मोठ्या बहुसिलिंडर गाड्यांत टाकी उतरविल्याशिवाय हात पोहोचत नाही. आपल्याकडील एक उदाहरण म्हणजे पुण्याच्या बजाज ऑटोची पल्सर. २००३ मध्ये तिच्या एकाच सिलिंडरला दोन प्लग देण्यात आले. दोन ठिकाणी ज्योत पेटल्याने मिश्रण लवकर आणि पूर्ण जळते, हा त्यामागील विचार. २०१२ मध्ये आलेल्या दोनशे सीसीच्या एनएस गाडीस तर तीन प्लग होते. अशा गाडीतील एकच प्लग बदलून बाकीचे जुने ठेवू नयेत. एक थकला तरी दुसऱ्याच्या आधाराने गाडी चालत राहते आणि दोष लवकर ध्यानी येत नाही.

खरेदी करताना नकली मालापासून सावध राहावे. ओळखीच्या किंवा कंपनीच्या अधिकृत दुकानातून घ्यावे आणि पावती मागावी. छपाई पुसट, आटे खरखरीत, मधले टोक पट्टीच्या बरोबर समोर नाही, वॉशर सैल होऊन गळून पडतो, किंवा भारी प्लग संशय यावा इतका स्वस्त आहे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी तो प्लग परत करावा.

बसविण्याची रीतही शिकण्याजोगी आहे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे सहज खराब होतात. प्लगच्या भोवतीची धूळ आधी फुंकून किंवा ब्रशाने काढावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग प्रथम पान्याशिवाय, केवळ बोटांनी फिरवीत टेकेपर्यंत बसवावा. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका जात आहे असे समजून बाहेर काढावा आणि पुन्हा सुरुवात करावी. वॉशरवाला नवा प्लग टेकल्यानंतर प्लगपान्याने साधारणतः अर्धा ते दोनतृतीयांश फेरा आवळावा. तोच प्लग पुन्हा बसविताना वॉशर आधीच दबलेला असल्याने फेऱ्याचा आठवा-बारावा हिस्सा पुरतो. निकेलच्या प्लगची फट फिलर गेजने मोजून, बाजूची पट्टी अगदी हलके वाकवून नीट करता येते. इरिडियमच्या बारीक टोकास मात्र तारेचा ब्रश किंवा कानस लावू नये, आणि दोन टोकांत काही खुपसून फट वाढवू नये. ते टोक ठिसूळ असल्याने निखळते.

काढलेला प्लग फेकण्यापूर्वी पाहून घ्यावा, कारण तो इंजिनाची प्रकृती सांगतो. टोक फिकट तपकिरी किंवा राखी असल्यास सर्व ठीक. कोरडी काळी काजळी असल्यास पेट्रोल जास्त जात आहे, एअर फिल्टर तुंबला आहे, किंवा प्लग फार थंड आहे. ओले, तेलकट काळे असल्यास तेल वर येत आहे. चुन्यासारखे पांढरे आणि फोडाळलेले असल्यास इंजिन फार तापत आहे, मिश्रण पातळ आहे, किंवा प्लग फार गरम आहे. म्हैसूरला बनणारी येझदी किंवा यामाहाची आरएक्स १०० ज्यांच्या घरी होती, त्या वडीलधाऱ्यांस ही विद्या तोंडपाठ असे. त्या दोन धावांच्या गाड्यांत तेल पेट्रोलाबरोबरच जळत असल्याने प्लग वारंवार काळा होई; त्यात पेट्रोलमधील शिसेही टोकावर साचे. शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० साली बंद झाले. २०२० पासूनच्या नव्या गाड्यांत पेट्रोलचे प्रमाण संगणक ठरवितो. त्यामुळे आता प्लग पूर्वीइतके काळे होत नाहीत. होऊ लागलेच, तर प्लग बदलून न थांबता कारण शोधावे.

सारांश, प्लग निवडताना क्रम असा ठेवावा : आधी गाडीची पुस्तिका उघडून व्यास, लांबी, उष्णताक्रमांक आणि फट ही चार मापे पाहावी, नंतर आपली गाडी वर्षास किती धावते ते मोजावे, आणि सर्वांत शेवटी धातू व किंमत यांचा विचार करावा. आपल्याकडे बहुधा हा क्रम उलटा होतो.

मित्राच्या वडिलांच्या गाडीस मेस्त्रींनी ७ क्रमांकाचा साधा प्लग बसविला. पहिल्याच किकेला ती सुरू झाली. मेस्त्रींनी मजुरी घेतली नाही. मात्र आमच्या मित्राकडून प्लग दोनदा काढवून आणि बसवून घेतला. आता त्या गाडीच्या बाजूच्या पेटीत प्लगपाना आणि त्याच क्रमांकाचा एक जादा प्लग प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला असतो. पावसाळा संपेपर्यंत रतीब पुन्हा चुकला नाही. सोडून गेलेल्या दोन बिऱ्हाडांपैकी एक परत आले आहे. दुसरे आले नाही. तो ९ क्रमांकाचा काळा प्लग वडिलांनी शाळेस देऊन टाकला. तो आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला असून, ज्यास पाहावयाचा असेल त्याने विज्ञानाच्या सरांकडे किल्ली मागावी.